सरासरीच्या पोटात दडलेले

बुद्ध्यांकाचा आकडा आपल्याकडे न्यायालयाच्या निकालासारखा वाचला जातो. कसाल-ओरोस-कुडाळ या पट्ट्यातील आमच्या पाहण्यातले पालक मुलाच्या चाचण्यांसाठी पणजी, कोल्हापूर किंवा मुंबई गाठतात. परतताना हाती कित्येक पानांचा अहवाल असतो. चर्चा मात्र त्यातील एकाच आकड्याची होते. अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, घेऊन जगणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे वाचन अन्यायकारक ठरते, असे आमचे मत आहे.

आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये पहिली चाचणी रचली, ती कोणत्या मुलांना शिकताना अधिक मदत लागेल हे ओळखण्यासाठी. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात तिचे कानडी आणि मराठी रूप सिद्ध केले. मुलाची बुद्धी त्याच्या भाषेतच मोजावी लागते, ही जाण त्यामागे होती. घरी मालवणी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतून किंवा इंग्रजीतून शब्दार्थ विचारले जातात, तेव्हा ही जाण आजही आठवावी लागते.

वेक्सलर पद्धतीच्या चाचण्यांत एकूण बुद्ध्यांकाबरोबर निरनिराळे निर्देशांक दिलेले असतात: भाषिक आकलन, दृश्य तर्क, कार्यकारी स्मृती, प्रक्रियेचा वेग. यांत १०० हा मध्य मानला जातो. समजा, एखाद्या मुलीचे पहिले दोन निर्देशांक १२० च्या आसपास आणि उरलेले दोन ८५ च्या आसपास आहेत. एकूण आकडा शंभराच्या थोडा वर येईल आणि ‘सर्वसाधारण’ असा शेरा पडेल. वस्तुतः या मुलीत सर्वसाधारण असे काहीच नाही. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, म्हणून मे महिन्यात विहिरीला पाणी असेलच असे कोणी म्हणत नाही. जुलैचा पूर आणि मेचा खडखडाट दोन्ही खरे असतात. सरासरीत ते दिसत नाहीत, इतकेच.

एडीएचडी असलेल्या अनेकांच्या अहवालात कार्यकारी स्मृती आणि वेग हे दोन निर्देशांक उतरलेले आढळतात. सर्वांच्याच आढळतात असे मात्र नाही. म्हणून बुद्ध्यांकाच्या चाचणीवरून एडीएचडीचे निदान करता येत नाही, आणि ते नाकारताही येत नाही. शांत खोली, समोर एकच परीक्षक, दर काही मिनिटांनी बदलणारे काम अशा वातावरणात अशा मुलाचे चित्त चांगले लागू शकते. चार महिन्यांनी द्यावयाचा प्रकल्प मनात धरून रोज थोडे लिहीत राहणे ही निराळीच परीक्षा आहे, आणि ती त्या खोलीत होत नाही.

येथेच चांगल्या आकड्याचा दंश सुरू होतो. कमी बुद्ध्यांक आला तर मूल ‘मंद’ ठरते. उत्तम आला तर ‘बुद्धी आहे, मग करत का नाही?’ असा प्रश्न येतो आणि मूल आळशी ठरते. पहिल्या शिक्क्यात निदान दयेला जागा असते. दुसऱ्यात तीही नाही. मोठेपणी निदान झालेल्या माणसाला हा जुना आरोप स्वतःच्याच आवाजात ऐकू येत राहतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. एडीएचडीची तेथे स्वतंत्र नोंद नाही. तेव्हा नियमावर बोट ठेवून मोकळे होणे सोपे आहे. तथापि उत्तराला थोडा अवधी देणे, सूचना फळ्यावर लिहून ठेवणे, मोठ्या कामाचे टप्पे पाडून देणे यासाठी वर्गात कोणाच्या परवानगीची गरज नसते.

आपण साहित्याचे अध्यापक कवितेचा अर्थ एका वाक्यात सांगणाऱ्या विद्यार्थ्याला पुन्हा वाचायला लावतो. हा अहवालही एक संहिताच आहे. चढ-उतार कोठे आहेत, चाचणी कोणत्या भाषेत झाली, त्या दिवशी झोप आणि औषध यांची स्थिती काय होती, परीक्षकाने वर्तनाविषयी काय नोंदवले, हे सारे त्यात वाचावे लागते. ज्याला तो अहवाल आयुष्यभर वागवायचा आहे, त्याला तो समग्र वाचून दाखवणारा कोणीतरी भेटला पाहिजे. तो आपल्यापैकी कोणी का असू नये?