ओळख शब्दाची : बंडखोर

गेल्या आठवड्यात एक आई चौथीतल्या आपल्या मुलाला हाताला धरूनच शाळेत घेऊन आली. "गुरुजी, हाऊ मनं आयकस नही. पक्का बंडखोर व्हई गया!" गुन्हा काय? तर कापूस वेचायला चल म्हटलं, आणि पठ्ठ्या दप्तर उचलून शाळेत पळाला.

मास्तर म्हणून मला आनंदच झाला. पण त्या माउलीच्या बोटांवर बोंडांचे ओरखडे होते. मजूर मिळत नव्हते, आणि फुटलेला कापूस काही कोणासाठी थांबत नाही. मी गप्प राहिलो. पोरानं मात्र हळूच विचारलं, "गुरुजी, बंडखोर ही शिवी आहे का?"

बघू या. यातला 'खोर' फारसीतला. अर्थ 'खाणारा'. लाचखोर लाच खातो, आदमखोर वाघ माणूस खातो. पुढे खाणं मागं पडलं आणि 'ज्याला ती खोडच आहे तो' असा अर्थ झाला. भांडखोर काही भांडण खात नाही! म्हणजे शेपूट जरा वाईटच लागलंय.

आणि बंड? पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले. पुढे 'मीच भाऊ' म्हणत एक तोतया उभा राहिला, त्याच्याभोवती लोक जमले. १७७६ साली पेशव्यांच्या कारभाऱ्यांनी त्याला पकडून मारलं. त्या प्रकरणाचं नाव 'तोतयाचं बंड'. गादीवर बसलेल्यांना जो उलटलेला दिसतो, त्याचं ते बंड.

आता आपल्या खानदेशात या. खाज्या नाईक हा सेंधव्याच्या घाटात वाटेची राखण करणारा, इंग्रजांचाच नोकर. १८५७ साली तो त्यांच्यावर उलटला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणीला मोठी लढाई झाली. इंग्रजांच्या लेखी हे 'भिल्लांचं बंड'. आज आपण म्हणतो 'उठाव'. डोंगर तोच, माणसं तीच, तारीखही तीच. शब्द तेवढा बदलला. बंड हा वरून बघणाऱ्याचा शब्द. उठाव म्हणजे 'उठणं', तो खाली बसलेल्याचा. (१८५७ ला आमचे आजोबा 'शिपायांचं बंड' म्हणायचे. त्यांच्या पुस्तकात तसंच छापलेलं होतं, त्यांचा काय दोष?)

नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी शाळकरी वयाचा शिरीषकुमार तिरंगा घेऊन मिरवणुकीत निघाला. पोलिसांच्या गोळ्यांनी तो आणि त्याचे चार सोबती गेले. त्यानंही हुकूम मोडलाच होता की! पण त्याला बंडखोर म्हणताना ऐकलंय कोणाला? आपण म्हणतो हुतात्मा.

एवढं सगळं चौथीच्या पोराला कसं सांगणार? मी म्हटलं, "अरे, शिवी आहे की नाही ते कोण म्हणतंय त्यावर आहे." तो म्हणाला, "पण आईच म्हणते ना!" यावर मला उत्तर सुचलं नाही. शेवटी तिघांत ठरलं : शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुपारी आणि रविवारी तो शेतात, बाकीचे दिवस वर्गात. आई हसली, पण जाताना म्हणालीच, "शे तो बंडखोरच!"

आता तुमचं काम. ज्याच्या शेवटी 'खोर' आहे आणि तरी अर्थ चांगला आहे, असा एक शब्द शोधा. मला अजून सापडलेला नाही. आजी-आजोबांना विचारलं तरी चालेल.