देवाची इच्छा कोणी सांगायची?

मंडळी, नमस्कार.

'मंडळी' हा शब्द लिहिताना मला दर वर्षी जरा हसू येतं. आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांत मंडळी म्हणजे चर्च. "मंडळीला गेलो होतो" म्हटलं की रविवारची उपासना. इथे अमिरातीत तीच मंडळी कित्येक वर्षं शुक्रवारी भरायची, कारण सुट्टी शुक्रवारची. २०२२ च्या जानेवारीपासून शनिवार-रविवार सुट्टी झाली आणि जुन्या लोकांना पुन्हा रविवारची सवय लावून घ्यावी लागली. देवाला वाराने फरक पडत नाही हे आम्ही लहानपणी शिकलो होतो, पण पटलं ते इथे आल्यावर.

यंदाचा विषय मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि तो फक्त ख्रिस्ती वाचकांचाही नाही. रोजच्या आयुष्यात देव वाट दाखवतो असं आपण म्हणतो. ती दाखवली हे ओळखायचं कसं? आणि त्याहून अवघड म्हणजे, ती दाखवली कोणाला?

आखातात हा प्रश्न जास्त टोचतो. आपलं इथलं राहणंच मुळी एका तारखेवर उभं आहे. माणूस तीस वर्षं राहतो, मुलं इथेच जन्मतात, इथेच शिकतात, पण घराचा आधार म्हणजे व्हिसा, आणि व्हिसाचा आधार नोकरी. मुलगा अठराचा झाला की वडिलांच्या व्हिसावर राहणार कसा, ही काळजी अगदी परवापर्यंत होती. अमिरातीत ती मर्यादा २०२२ साली पंचविसापर्यंत नेली तेव्हा कितीतरी आयांनी सुटकेचा निःश्वास टाकला. अशा जागी माणूस खुणा शोधायला लागतो. कोकणातला माणूस गावी फोन करून देवाला कौल लावायला सांगतो. कोणी पत्रिका पाठवून देतो. आमच्यातले काही जण डोळे मिटून बायबल उघडतात आणि बोट पडेल त्या ओळीला उत्तर मानतात. मी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक कुठेही उघडून येईल तेवढंच पान वाचणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले, त्यामुळे या पद्धतीवर माझा फारसा भरवसा नाही.

गेल्या अंकानंतर शारजातल्या एका भगिनीचा फोन आला. माहेर वसईचं, लग्नापासून इथेच. मुलगी बारावीत. वडिलांचं म्हणणं, तिने नर्सिंगला जावं. नुसतं त्यांना वाटतं असं नाही; त्यांनी उपास धरून प्रार्थना केली आणि देवाने हेच मनात घातलं असं ते सांगतात. मुलीला इतिहास शिकायचा आहे. एका रात्री जेवताना तिने विचारलं, "बाबा, देवाला माझ्याबद्दल काही सांगायचं असेल तर तो मलाच का नाही सांगत?" दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. बाईंनी मला विचारलं, "सर, यात बरोबर कोण?" (हे लिहायला त्यांची परवानगी आहे.)

त्या मुलीने विचारलेला प्रश्न एका मराठी बाईने सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीच विचारून ठेवला आहे, तोही भल्याभल्यांना. पंडिता रमाबाईंनी.

इथे वाढलेल्या मुलांसाठी थोडक्यात सांगतो. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं, जे त्या काळी पाप मानलं जाई. कुटुंब पुराण सांगत तीर्थांमागून तीर्थं फिरलं आणि दुष्काळात सापडलं. वडील १८७४ मध्ये गेले, मागोमाग आई, मग बहीण. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले, आणि तिथल्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला, बंगाली वकिलाशी लग्न झालं, आणि १८८२ मध्ये नवराही पटकीने गेला. पदरात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांनी मायलेकींचा बाप्तिस्मा करून घेतला.

आपल्याकडे गोष्ट इथे थांबते. कोणी हळहळतं, कोणी टाळ्या वाजवतं. मला रस आहे तो पुढच्या तीन वर्षांत. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डाइन या रमाबाईंच्या धर्ममाता. त्यांचं रमाबाईंवर खरंखुरं प्रेम होतं, आणि म्हणूनच त्यांची अपेक्षा होती की नव्याने आलेल्या लेकीने चर्चच्या वडीलधाऱ्यांचं ऐकावं. रमाबाई ऐकेनात. शाकाहार सोडणार नाही म्हणाल्या. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असं त्यांनी विचारलं. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत आणि संस्कृत शिकवत होत्या. तरुण मुलग्यांना शिकवण्याची वेळ आली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली की याने मायदेशी त्यांचं नाव खराब होईल. रमाबाईंनी कळवलं की मायदेशी काय चालतं ते मला चांगलं ठाऊक आहे, मी पुरुषांच्या भरसभांत बोलत आले आहे. शिवाय देवाने मला सदसद्विवेक दिला आहे, तो दुसऱ्याच्या हाती देण्यासाठी एका पुरोहितवर्गाच्या ताब्यातून मी सुटलेली नाही, असा त्यांच्या पत्रांचा एकूण सूर आहे. हा सगळा पत्रव्यवहार अ. भि. शहांनी संपादित करून १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापला. इंग्रजीत आहे, म्हणजे आपल्या नव्या पिढीला माझ्या लेखापेक्षा तो वाचणं सोपं जाईल. वाचावाच.

हे वाचून कोणी म्हणेल, बाई हट्टी होती. होतीच. पण स्वतःच्या मनाला येईल ते करणं आणि देवाने मला काय सांगितलं ते मीच शोधणार असं म्हणणं, यांत अंतर आहे. दुसऱ्याला मेहनत जास्त लागते. त्रैक्याचा सिद्धांत पटत नव्हता तर रमाबाई त्यावर वाचत राहिल्या, मिस डोरोथिया बील यांच्यासारख्या शिक्षिकेशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. पुढे मराठी बायबलची भाषा सामान्य बायकांना कळत नाही असं वाटलं, तर हिब्रू आणि ग्रीक शिकून स्वतः भाषांतराला बसल्या.

आणि त्यांचा देवावरचा भरवसा हात जोडून बसण्यातला नव्हता. आई-वडिलांची उपासमार त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. जवळचा पैसा पूजाअर्चेत आणि दानात गेला, आणि हाताने काम करून पोट भरणं घराण्याला शोभणारं नव्हतं म्हणून कोणी काही शिकलं नव्हतं, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं. तेव्हा १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं, तेव्हा त्या आकडेमोड करूनच चालल्या होत्या. अमेरिकेतल्या मित्रमंडळींनी दहा वर्षं मदतीचा शब्द दिला होता. दहा वर्षांनंतर काय? म्हणून त्यांनी दौंडच्या अलीकडे केडगावला जमीन घेतली आणि फळझाडं लावली. झाडं मोठी होतील, फळं विकून सदन चालेल. हा हिशेब कोणाही शहाण्या गृहिणीचा आहे.

मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात मुली आणि विधवा रस्त्यावर मरत होत्या. झाडांना फळं धरायची होती, अमेरिकेच्या मदतीची मुदत संपत आली होती, हातात पैसा नव्हता. रमाबाई गेल्या आणि मुली घेऊन आल्या, काही महिन्यांत शेकड्यांनी. त्यातच पुण्यात प्लेग. इतक्या नव्या मुली शहरात ठेवायला सरकारची परवानगी नाही. तेव्हा ज्या केडगावात फक्त झाडं होती, तिथे छपरं घालून मुलींना नेलं. ते 'मुक्ती'. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, गाई-म्हशी, छापखाना: प्रत्येकीच्या हाताला काम.

ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांच्या चरित्राचा रमाबाईंवर मोठा परिणाम झाला होता. म्युलर कोणापुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेवर हजारो अनाथ मुलं सांभाळत, असं सांगतात, आणि ते खरं आहे. सांगणारे एक विसरतात, की म्युलर आलेल्या पैशाचा पै-पैचा हिशेब छापून काढत. माझ्या मते रमाबाईंनी दोन्ही उचललं, गुडघे टेकणंही आणि खातेवहीही.

आता त्या वडिलांकडे येतो. मी इतिहासाचा माणूस, माझं माप मुलीच्या बाजूला झुकणार हे उघड आहे. तेवढं वजा करून वाचा. वडिलांची प्रार्थना खोटी आहे असं मी म्हणणार नाही. आखातातली इस्पितळं आपल्या नर्सेसच्या खांद्यावर उभी आहेत. या देशात त्यांनी नर्सचं घर चालताना पाहिलं आहे आणि इतिहासाच्या पदवीधराचं पाहिलेलं नाही. ही काळजी खरी आहे. पण देवाने त्यांच्या मनात काही घातलं असेल तर ते आधी त्यांच्याच वागण्याबद्दल असण्याची शक्यता जास्त, असं मला वाटतं. मुलगी उपाशी राहू नये म्हणून मी काय तजवीज करू? तिच्याशी मोकळं कधी बोललो? सिस्टर जेराल्डाइन यांच्या प्रेमात खोट नव्हती, तरी रमाबाईंसाठी देवाचं बोलणं आपल्या मार्फतच येणार असं त्या धरून चालल्या, आणि त्यामुळे दोघींना फार त्रास झाला.

मुलीलाही सूट नाही. "मला आवडतं" याला देवाचं मार्गदर्शन म्हणायची घाई करू नये. इतिहासाच्या पदवीनंतर काय, फी किती, व्हिसा कोणाचा, हे कागदावर मांडून वडिलांसमोर ठेवावं. चार जाणत्यांना विचारावं, त्यातला एक तरी विरोधात बोलणारा असावा.

वसईच्या घरांत येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस ठाऊक असतात. सोळाव्या शतकातला हा मूळचा शिपाई गडी. त्यांचा एक नियम मला इथल्या आयुष्यात फार उपयोगी वाटतो: मन खचलेलं असताना, आधी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलू नये. नोकरी गेल्याच्या आठवड्यात कोणी फोन करून "सर, सगळं विकून गावी जाऊ का?" असं विचारतो, तेव्हा मी हेच सांगतो. आधी झोप नीट लागू दे. हा नियम पाळायला ख्रिस्ती असण्याची गरज नाही.

एक प्रश्न मात्र या सगळ्यातून सुटत नाही. नीट विचार करून, प्रार्थना करून, हिशेब मांडून निवडलेली वाटही मध्येच तुटते, तेव्हा काय? रमाबाईंच्या मागे मुक्तीचं काम मनोरमाने चालवायचं, हे जवळपास ठरलेलं होतं. ती इंग्लंड-अमेरिकेत शिकून आली, आईच्या बरोबरीने राबली. १९२१ मध्ये, चाळिशीतच, ती गेली. रमाबाईंचं स्वतःचं शरीर थकलं होतं, ऐकू येत नव्हतं, आणि बायबलचं भाषांतर पुरं व्हायचं होतं. त्यांनी देवाला काय विचारलं असेल ते आपल्याला ठाऊक नाही. त्या मुद्रितं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या तेव्हा ते काम हातावेगळं झालं होतं. मुक्तीच्याच छापखान्यात, दुष्काळातून आलेल्या मुलींनी खिळे जुळवून छापलेलं ते पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आलं.