आधी किल्ली, मग पाइप

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीच्या शिवारात दोन भावांची सामाईक विहीर आहे, असे समजू. मोटार एक, पाइपही एकच. एका सकाळी थोरल्याने स्टार्टरच्या पेटीची किल्ली घेतली आणि त्याच वेळी धाकट्याने पाइप उचलून नेला. आता थोरला पाइपाची वाट पाहतो आणि धाकटा किल्लीची. भांडण कोणाचेच नाही, पण पिकाला पाणीही नाही. संगणकशास्त्रात या कोंडीला 'डेडलॉक' म्हणतात.

अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्सचे 'कर्नल' असते. यंत्राचा हा मुख्य कारभारी. कॅमेरा, स्पीकर, वायफाय यांच्याशी बोलणारा त्याचा भाग म्हणजे 'ड्रायव्हर'. एकच माहिती दोन कामांनी एकाच वेळी बदलू नये म्हणून ड्रायव्हर तिला कुलूप लावतो. कुलूप राहून गेले तर माहिती बिघडते. दोन कामांनी दोन कुलपे उलटसुलट क्रमाने घेतली तर यंत्र गोठते. ही चूक वेळेच्या योगायोगावर अवलंबून असते. त्यामुळे हजारदा सुरळीत चाललेले यंत्र पुढच्या खेपेला अडू शकते.

फोन गोठला तर तो बंद करून पुन्हा सुरू करता येतो. उपचाराच्या यंत्राचे तसे नसते. 'थेरॅक-२५' या रेडिएशन यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली. त्यांपैकी किमान तिघांचा मृत्यू झाला. यंत्रातील अनेक कामे एकच माहिती वापरत होती, पण त्यांच्यात पाळीचा पक्का नियम नव्हता. ऑपरेटरने चुकीची नोंद काही सेकंदांत दुरुस्त केली, तर पडद्यावर दुरुस्ती दिसे; यंत्राच्या एका भागाला मात्र तिचा पत्ताच नसे.

मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधील टायलर येथे असा अपघात झाला. तंत्रज्ञांनी यंत्र तपासले, पण बिघाड पुन्हा घडवून आणता आला नाही. यंत्र पुन्हा सुरू झाले आणि एप्रिलमध्ये त्याच ठिकाणी दुसरा रुग्ण भाजला. आधीच्या 'थेरॅक-२०' यंत्रातही अशीच चूक होती. पण त्यात जादा मात्रा रोखणारी स्वतंत्र यांत्रिक व्यवस्था होती, म्हणून ती चूक जीवघेणी ठरली नाही.

'चाचणीत काही आढळले नाही' हे उत्तर अशा चुकांना पुरत नाही, हा यातला धडा. मध्ये थोडा विलंब घालून किंवा यंत्र पुन्हा सुरू करून चूक दिसेनाशी होते, पण जात नाही. खरी दुरुस्ती नियमात असते. कोणती माहिती कोणत्या कुलपाखाली आहे आणि कुलपे कोणत्या क्रमाने घ्यायची, हे ठरले पाहिजे आणि सर्वत्र पाळले गेले पाहिजे. लिनक्समध्ये २००६ साली इंगो मोल्नार यांचे 'लॉकडेप' हे साधन आले. ते कुलपांचा क्रम नोंदवत जाते आणि कोंडी प्रत्यक्ष झाली नसली तरी ती होऊ शकते, असा इशारा देते. अपघाताची वाट न पाहता धोका शोधण्याची ही पद्धत आहे.

भारतात एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत सॉफ्टवेअरचाही समावेश झाला आहे. हा बदल कागदावर राहू नये. रुग्णालयांनी यंत्र घेताना किंमत आणि हमीबरोबरच आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. एकाच वेळी चालणाऱ्या कामांची तपासणी कशी केली? सॉफ्टवेअर चुकले तर मात्रा रोखणारी वेगळी व्यवस्था आहे का? यंत्र अडल्याची प्रत्येक वेळ परिचारिकेने आणि तंत्रज्ञाने नोंदवावी. बंद करून चालू केल्यावर यंत्र चालले, एवढ्यावर तक्रार मिटवू नये.

विहिरीवरच्या भावांना नवी मोटार लागत नाही. 'आधी किल्ली, मग पाइप' एवढा नियम दोघांनी पाळला, तर पाणी अडत नाही. रुग्णाला जोडलेल्या यंत्राकडून एवढी शिस्त मागणे मुळीच जास्त नाही.