जगात जर्मनी, आणि चाकाखाली दगड

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे परभणीकर कोणालाही, कुठेही, न विचारता ऐकवतात. ते कितपत खरं, हा वाद बाजूला ठेवू. एका बाबतीत मात्र दोन ठिकाणांत मोठं अंतर आहे. जर्मनीत नवी मोटार तीन वर्षांची झाली की तिला तपासणीला न्यावंच लागतं, आणि पुढे दर दोन वर्षांनी. तिथे हँडब्रेक ओढून दोन्ही चाकं सारखी धरतात का, हे यंत्रावर पाहतात. परभणीच्या एमएच २२ पाटीची खासगी मोटार एकदा नोंदवली की १५ वर्षं मोकळी. विमा लागतो, धुराचं प्रमाणपत्र लागतं, पण हँडब्रेक ओढून पाहायला सरकारचा माणूस येतो तो नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी. भाड्याच्या काळीपिवळीला निदान फिटनेस प्रमाणपत्रासाठी अधूनमधून हजेरी लावावी लागते. घरच्या गाडीला तेवढाही जाच नाही.

मधल्या १५ वर्षांत ही जबाबदारी डिकीतला दगड सांभाळतो.

परभणी जिल्ह्यात हँडब्रेकची आठवण कमी होते, याला कारण आहे. गोदावरी, पूर्णा, दुधना यांच्या काठची काळी, सपाट जमीन. गाडी लावली, पहिला गिअर टाकला, किल्ली खिशात. हँडब्रेक वापरला नाही म्हणजे झिजणार नाही, असा हिशोब पुष्कळांच्या डोक्यात असतो. तो चुकीचा आहे. हँडब्रेकची केबल म्हणजे नळीत बसवलेली पोलादी तार. नळीच्या टोकाचं रबर फाटलं की पावसाळ्यात शेतरस्त्याचा चिखल आत शिरतो, तार गंजते आणि नळीतच धरून बसते. रोज ओढली जाणारी तार सहसा सरकती राहते. वर्षभर न हललेली तार एके दिवशी ओढली तर ताण चाकापर्यंत पोहोचत नाही, किंवा पोहोचलेला ताण परत सुटत नाही. दुसऱ्या प्रकारात मालक दहा किलोमीटर गाडी हाकतो आणि मग मागच्या चाकातून जळका वास येतो.

शिवाय जिल्हा सगळाच सपाट नाही. दक्षिणेला गंगाखेड तालुक्यात बालाघाटच्या रांगा आहेत, उत्तरेला जिंतूरकडे नेमगिरीचे डोंगर. सुट्टीच्या दिवशी येलदरी धरणावर निघालेल्या गाडीत पाच माणसं, पाण्याचा जार, सतरंजी आणि डबे असतात. घरासमोर रिकाम्या गाडीला पुरलेला हँडब्रेक भरलेल्या गाडीला उतारावर पुरेल, याची हमी नाही. मोटारींसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच या नियमाची अपेक्षा अशी, की पूर्ण भरलेली गाडी २० टक्के चढावर हँडब्रेकवर उभी राहिली पाहिजे. म्हणजे पाच मीटर जाताना एक मीटर चढणारा रस्ता. परभणी शहरात असा चढ शोधायलाच वेळ लागेल, आणि तिथेच गोम आहे.

हँडब्रेकचा अशक्तपणा बरीच वर्षं गिअर झाकून ठेवतो. गिअरमध्ये उभी गाडी बंद इंजिनाच्या अडवणुकीवर थांबलेली असते. कुणी लहान मूल पुढच्या सीटवर खेळताना दांडी न्यूट्रलला आणतं, तेव्हा कळतं की गाडीला दुसरं काही धरून ठेवतच नव्हतं. कॅनडातल्या लाक-मेगांतिक गावाला हे फार भयंकर रीतीने कळलं. ६ जुलै २०१३ च्या पहाटे कच्च्या तेलाचे ७२ टँकर असलेली उभी मालगाडी उतारावरून सुटली आणि गावात घुसून पेटली. ४७ माणसं गेली. तपासात निघालं, की गाडीला सातच हँडब्रेक लावले होते आणि ते पुरतात का, ही चाचणी इंजिनाचा हवेचा ब्रेक लागलेला असतानाच घेतली होती. गाडी हलली नाही, म्हणून सगळं ठीक समजलं गेलं. पुढे इंजिन बंद केलं गेलं, हवा हळूहळू गळाली आणि हँडब्रेक उघडे पडले. गिअर टाकून, पाय ब्रेकवर ठेवून, वर हँडब्रेक ओढून ‘धरतोय की’ म्हणणारा मोटारमालक यापेक्षा वेगळं काय करतो?

आता गॅरेजमध्ये जाऊ. गिऱ्हाईक म्हणतं, ‘हँडब्रेक ढिला झालाय, टाइट करून द्या.’ पोरगा दांडीचं कव्हर काढतो, खालचा नट पाच-सहा फेरे पिळतो, दांडी पुन्हा कडक लागते. दहा मिनिटांचं काम, चहाइतके पैसे. दोघेही खूश.

हे काम बहुतेक वेळा उलट्या टोकाने केलेलं असतं. दांडी जास्त वर येते, याचं नेहमीचं कारण मागच्या चाकांच्या ब्रेक-ड्रममध्ये असतं: ड्रमला आतून दाबणाऱ्या शूवरचा लायनर झिजून शू आणि ड्रम यांच्यात अंतर पडलेलं असतं. ते अंतर भरून काढायला आत ॲडजस्टर असतो. काही गाड्यांत तो पायाच्या ब्रेकने सरकतो, काहींत रिव्हर्समध्ये ब्रेक दाबल्यावर, तर काहींत हँडब्रेक ओढल्यावर, म्हणजे तिथे न वापरण्याचा दुसरा दंड. हा ॲडजस्टर गंजलेला असताना केबल ताणली, तर शू पूर्ण मागे बसत नाहीत आणि ॲडजस्टरला सरकायला वावच उरत नाही. लायनर घासत राहतो, पायाचा ब्रेकही खोल जाऊ लागतो. नट पिळून फक्त दुखणं झाकलं जातं.

कसबी मिस्त्री आधी पुढच्या चाकांना दगड लावतो, मागची दोन्ही चाकं जॅकवर घेतो आणि दांडी एकेक दात ओढत चाक हाताने फिरवतो. दोन्ही चाकं साधारण एकाच दाताला जड व्हायला हवीत. एक जड आणि एक मोकळं असेल, तर मोकळ्या बाजूची केबल किंवा शू दोषी. दोन केबलींना सारखा ताण वाटून देणारी पट्टी गाडीखाली असते, ती अगदी जुवासारखी. एका बैलाने अंग चोरलं की जू तिरकं होतं. ही पट्टीही तिरकी दिसते. मग ड्रम उतरवायचा. लायनर ओला असेल तर नुसता पुसून भागत नाही: व्हील सिलिंडर गळतोय, किंवा मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीपगाडीत ॲक्सलच्या सीलमधून तेल येतंय. ती गळती थांबवून लायनर बदलायचा, ॲडजस्टर साफ करून शू जुळवायचे, आणि नटाला पाना सगळ्यात शेवटी. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. गिऱ्हाईक अर्ध्या दिवसाचे पैसे द्यायला तयार नसतं, म्हणून मिस्त्री नट पिळतो. दोष एकट्या मिस्त्रीचा नाही.

कायद्यात सगळं लिहून ठेवलेलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२६ नुसार चालक जागेवर नसेल तर इंजिन बंद हवं आणि ब्रेक लावलेला, किंवा गाडी आपोआप हलणार नाही असा दुसरा बंदोबस्त केलेला हवा. (दगड या ‘दुसऱ्या बंदोबस्ता’त बसतो, हे मान्य करायला हवं.) १९८९ च्या केंद्रीय नियमांतला १५ वा नियम सांगतो, की परवान्याच्या परीक्षेत चढावर थांबून, गाडी मागे न घरंगळता पुन्हा निघता आलं पाहिजे. किती परवानाधारकांना आपण ती परीक्षा दिल्याचं आठवतं, हे त्यांनाच विचारावं.

दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येतं. फलक लागतात, रॅली निघते, हेल्मेट न घातलेल्यांना गुलाबाची फुलं दिली जातात. परिवहन कार्यालयाने यंदा फुलांचा खर्च वाचवून एका मैदानात पाच मीटरला एक मीटर चढणारा पक्का रॅम्प बांधावा. आठ-दहा वर्षांच्या घरगुती गाड्यांना बोलवावं, खाली अडसर लावून गाडी वर चढवावी, न्यूट्रल करून पाय ब्रेकवरून हळूच काढायला सांगावं. दंड नको, पावती नको. गाडी घरंगळली तर मालकाच्या हातात एक चिठ्ठी द्यावी, त्यावर एवढंच: ‘नट पिळू नका, ड्रम उघडा.’ ज्यांची गाडी जागची हलणार नाही, त्यांनी डिकीतला दगड तिथेच मैदानाच्या कडेला ठेवून जावा.