‘काकू, फक्त दोन मिनिटं…’

फोन बहुधा दुपारी येतो. जेवणं आटोपलेली असतात, घरात एखादं ज्येष्ठ माणूस एकटंच असतं आणि पलीकडून तरुण आवाज नावानिशी नमस्कार करतो. ‘काकू, फक्त दोन मिनिटं बोलू का?’ मग सात वर्षांचा मुलगा, रक्ताचा कर्करोग, रिक्षा चालवणारे वडील आणि उद्या सकाळपर्यंत भरायची रक्कम. कधी अनाथाश्रमातल्या मुलांचं जेवण, कधी गोशाळेचा चारा. पितृपक्षात वडिलांच्या नावानं अन्नदान, मार्च जवळ आला की करसवलत. मागणी पाच हजारांपासून सुरू होते आणि नाही म्हणत गेलं की पाचशेवर, मग शंभरावर उतरते. फोन ठेवेपर्यंत काहींनी पैसे पाठवलेले असतात, काही जण फोनवरच्या मुलीवर खेकसलेले असतात आणि बाकीचे ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून सुटलेले असतात. नंतर बरं मात्र यातल्या कुणालाच वाटत नाही.

नकार इतका जड का जातो, याची मुळं आपल्याकडे खोल आहेत. दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये, हे घराघरांत शिकवलं गेलं. महाराष्ट्रातल्या कितीतरी मोठ्या संस्था तर मागण्यावरच उभ्या राहिल्या. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि पुण्याजवळच्या हिंगण्याच्या त्या कामासाठी वर्षानुवर्षं पायपीट करून पैसे जमवले. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले या कामासाठी गावोगाव फिरल्या, पुढे थेट अमेरिकेला गेल्या. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा मागून पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काच कारखाना निघाला.

पण तिथं मागणारा समोर उभा असे. त्याचं गाव, त्याचं काम, त्याची वागणूक लोकांना दिसत होती. ज्यानं पैसा दिला, त्याला वाटलं तर तळेगावला जाऊन कारखाना बघता येत होता. अनोळखी नंबरावरून येणाऱ्या आवाजाबद्दल यातलं काहीच कळत नाही. म्हणून दारातल्या याचकाला लागू असलेली जुनी मर्यादा या फोनला जशीच्या तशी लावण्याचं बंधन कुणी मनावर घेऊ नये.

फोन करणाऱ्यांचं काम कसं चालतं, हे समजून घेतलं तर नकार सोपा होतो. पलीकडच्या मुलीसमोर संहिता असते. ‘सध्या पैसे नाहीत’ म्हटलं, तर रक्कम कमी करायची. ‘आम्ही दुसरीकडे देतो’ म्हटलं, तर ‘मग यंदा इथंही थोडं’ म्हणायचं. ‘मिस्टर घरी नाहीत’ म्हटलं, तर ते कधी येतील ते विचारायचं. थोडक्यात, कारण सांगितलं की त्यावरचं उत्तर तयार असतं. आणि ‘नंतर करा’ हा तर नकारच नसतो. त्याची नोंद ‘पुन्हा फोन करणे’ अशी होते आणि फोन खरोखरच पुन्हा येतो. भिडेपोटी दिलेली ती मुदत म्हणजे पुढच्या पाच फोनांना दिलेलं आमंत्रण.

म्हणून वाक्य एकच असावं, आणि ते पहिल्या अर्ध्या मिनिटात यावं: ‘मी फोनवरून देणगी देत नाही. माझा नंबर तुमच्या यादीतून काढून टाका. धन्यवाद.’ यात कारण नाही, त्यामुळे वादाला जागा नाही. खोटं नाही, त्यामुळे पुढच्या वेळी काय सांगितलं होतं ते आठवावं लागत नाही. एवढ्यावर समोरचा बोलतच राहिला, तर हेच वाक्य एकदा पुन्हा म्हणावं आणि फोन ठेवावा. ‘ठेवते हं’ असं सांगून ठेवलेल्या फोनात अपमान कुणाचाच होत नाही.

आवाज चढवणं मात्र टाळायलाच हवं. कानाला हेडफोन लावून दिवसभर नकार ऐकणारी ही मुलं-मुली बहुतेकदा बावीस-पंचवीस वर्षांची, महिन्याच्या टार्गेटवर नोकरी टिकवणारी असतात. यादी त्यांनी विकत घेतलेली नसते, संहिता त्यांनी लिहिलेली नसते. दहा मिनिटं ऐकून घेऊन शेवटी काहीच न देणं हेही त्यांच्यावर अन्यायाचंच, कारण तेवढ्या वेळात त्यांचे दुसरे चार फोन झाले असते. लवकर दिलेला स्पष्ट नकार त्यांच्याही सोयीचा असतो.

समजा कहाणी खरी वाटली आणि मन द्रवलं, तरी फोनवर पैसे पाठवायचे नाहीत, हा नियम पाळावा. संस्थेचं पूर्ण नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक लिहून घ्यावा. हे विचारायला अनेकांना संकोच वाटतो. पण महाराष्ट्रात गल्लीतल्या गणेश मंडळाची विश्वस्त संस्था म्हणून नोंदणी नसेल, तर वर्गणीसाठी त्यालाही धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या ४१क या कलमात तशी तरतूद आहे. मंडळाच्या मुलांना जे लागू, ते अनोळखी आवाजाला विचारण्यात उद्धटपणा कसला? खरी संस्था क्रमांक आनंदानं देते. जिथं ‘आधी पेमेंट करा, मग पावती पाठवतो’ असं उत्तर येतं, किंवा यूपीआयवर संस्थेऐवजी एखाद्या व्यक्तीचं नाव दिसतं, तिथं विषय संपवावा.

करसवलतीचं आमिषही तपासून घ्यावं. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातल्या ज्या ‘८० जी’ कलमाचा या फोनांवर इतका उच्चार होतो, त्यात २००० रुपयांवरची रोख देणगी वजावटीला चालत नाही. वजावट मिळायची, तर संस्थेनं दहा-बीई नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. नव्या कररचनेत तर ही सवलतच नाही, आणि २०२३-२४ पासून नवी कररचना हीच मूळ धरली जाते. फोनवर हे सहसा सांगितलं जात नाही.

आजारी मुलाची हकिगत असेल, तर एक गोष्ट आवर्जून विचारावी: रुग्णालय कोणतं? महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधी आहे. फोन करणाऱ्याला खरोखर त्या मुलाची काळजी असेल, तर ही माहिती त्याच्या उपयोगाची आहे. आणि देणाऱ्याला थेट रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात चौकशी करून रुग्णाच्या खात्यावर पैसे भरता येतात. मदत खरीच करायची असेल, तर तो रस्ता जास्त खात्रीचा.

फोनवर दिलेल्यातलं किती पोचतं, हा प्रश्नही रास्त आहे. अमेरिकेत २०२१ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं अनेक राज्यांच्या साथीनं देणग्यांसाठी फोन करणारी एक मोठी यंत्रणा बंद पाडली. तिनं १३० कोटी फोन करून ११ कोटी डॉलरच्या वर रक्कम गोळा केली होती. काही संस्थांच्या हाती मात्र डॉलरमागे जेमतेम दहा सेंट पडत होते.

नंबर एकदा यादीत गेला की काय होतं, हे ब्रिटननं आणखी दुःखद रीतीनं पाहिलं. ब्रिस्टलच्या ऑलिव्ह कुक या बाई युद्धातल्या सैनिकांच्या स्मरणार्थ कागदी पॉपीची फुलं विकून सात दशकांहून अधिक काळ निधी जमवत आल्या. २०१५ मध्ये ९२ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. त्याला देणग्या मागणाऱ्या संस्था जबाबदार नाहीत, हे कुटुंबानं स्पष्ट सांगितलं. पण त्यांच्याकडे येणाऱ्या मदतीच्या विनंत्यांची चौकशी झाली, तेव्हा त्यांचा पत्ता ९९ संस्थांकडे असल्याचं आढळलं. बहुतेकांना तो तिसऱ्याच कुणाकडून मिळाला होता. त्यानंतर तिथं निधी-संकलनावर नवा नियामक आला आणि २०१७ मध्ये ‘मला संपर्क करू नका’ असं संस्थांना एका ठिकाणाहून कळवण्याची सोय झाली.

आपल्याकडे १९०९ आहे. या क्रमांकावर फोन किंवा एसएमएस करून, नाहीतर ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाच्या डीएनडी अ‍ॅपवरून नको असलेले फोन बंद करता येतात. तिथल्या प्रकारांत बँक-विमा, घरं, शिक्षण, आरोग्य, पर्यटन वगैरे आहेत. देणगी असा स्वतंत्र प्रकार नाही, ही उणीवच आहे, आणि ती ट्रायनं भरून काढायला हवी. तोवर ‘सर्व बंद’ हा पर्याय निवडलेला बरा. तरीही फोन आला, तर तक्रार करण्याची मुदत २०२५ च्या दुरुस्तीनं तीन दिवसांवरून सात दिवसांवर नेली आहे. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवावं.

या सगळ्यात दान आटावं, अशी इच्छा कुणाचीच नसावी. ‘लोकसत्ता’चा ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम २०११ पासून गणेशोत्सवात निवडक संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक आपणहून धनादेश पाठवतात. माहिती आधी आणि पैसे नंतर, असा क्रम असला की मराठी माणूस हात आखडत नाही. वर्षाची रक्कम एकदा ठरवावी, दोन-तीन संस्था स्वतः जाऊन बघाव्यात आणि दरवर्षी त्यांनाच द्यावं. मग फोनवर नाही म्हणताना अपराधी वाटत नाही, कारण द्यायचं ते दिलेलं असतं.

चांगलं काम करणाऱ्या संस्थांनीही भाड्यानं फोन करवून घेणं थांबवावं. वार्षिक अहवाल पाठवावा, भेटीला बोलवावं. भिडेपोटी मिळालेल्या पाचशे रुपयांमागं दुखावलेला एक देणगीदार कायमचा तुटतो.

आणि ज्यांचे आईवडील दुपारी घरी एकटे असतात, त्यांनी येत्या रविवारी त्यांच्या फोनवर १९०९ ची नोंदणी करून द्यावी, नकाराचं ते वाक्य कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ ठेवावं. ‘काकू’ म्हणणाऱ्या आवाजाशी आई पंधरा मिनिटं का बोलत बसते, याचाही विचार करावा आणि दुपारी स्वतःच तिला एक फोन करावा.