भरपाईचा पैसा ठिगळांसाठी नाही

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील विल्यमसन हे जेमतेम तीन हजार वस्तीचे गाव. २००६ ते २०१६ या काळात तिथल्या दोन औषध दुकानांत २ कोटी ८ लाख अफूजन्य वेदनाशामक गोळ्या आल्या. माणसे मरत होती आणि पुरवठा चालूच होता. अफूजन्य औषधांच्या व्यसनाच्या या साथीची भरपाई म्हणून औषध उत्पादक, वितरक आणि दुकानांच्या साखळ्या आता ५० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम देणार आहेत. केवळ वितरकांचेच हप्ते १८ वर्षे चालतील. २०२५ मध्ये आठ कंपन्यांनी मान्य केलेल्या ७२ कोटी डॉलरच्या तडजोडीत मुंबईची सन फार्माही आहे.

हा पैसा योग्य ठिकाणी पोहोचेल का, ही शंका रास्त आहे. १९९८ मध्ये तंबाखू कंपन्यांनी ४६ राज्यांशी तडजोड केली. त्या रकमेतला फार थोडा भाग व्यसनमुक्तीला मिळाला, बाकीचा तुटीत आणि रस्त्यांत जिरला. त्यामुळे या वेळी २०२२ च्या मोठ्या करारांत किमान ८५ टक्के रक्कम साथीच्या निवारणावरच खर्च करण्याची अट आली. मात्र राष्ट्रीय करारांनुसार जाहीर हिशेब द्यायचा तो फक्त निवारणाबाहेर गेलेल्या खर्चाचा! मोठ्या वाट्याचे काय झाले, हे सांगणे राज्याच्या मर्जीवर. टेनेसी राज्यातील ग्रीन काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) हाती आलेल्या रकमेचा मोठा हिस्सा जुने कर्ज फेडण्याकडे वळवला. लोकांच्या जिवाची भरपाई कर्जखात्यात जमा करणे आम्हाला अक्षम्य वाटते.

तरीही सगळ्याच काउंट्या बेफिकीर आहेत असे नाही. अनेक ठिकाणी आरोग्य विभागात मोजकीच माणसे आहेत आणि व्यसनोपचार जाणणारे कोणी नाही. मग गस्तीच्या गाड्या घेणे सोपे वाटते. अशा काउंट्यांना उपदेश नको, हाताशी माणूस हवा: प्रस्ताव तपासणारा, करार लिहून देणारा, शेजारच्या चार काउंट्यांच्या तुटपुंज्या रकमा एकत्र करून एक चांगले केंद्र उभे करणारा. हे काम राज्यांचे आणि विद्यापीठांचे आहे.

काय करावे, हे तर ठाऊकच आहे. व्यसनी माणसासाठी तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे सर्वांत घातक असतात. आत असताना शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. बाहेर येताच जुनीच मात्रा घेतली की श्वास थांबतो. तुरुंगातच ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही व्यसनोपचाराची औषधे सुरू करावीत, सुटताना अतिमात्रेवरचा उतारा असलेले नॅलोक्सोन हातात द्यावे आणि दुसऱ्या दिवशीची डॉक्टरांची वेळ ठरवून ठेवावी. इतक्याने जीव वाचतात. ग्रामीण भागात उपचार केंद्रापर्यंतचे गाडीभाडेही तितकेच मोलाचे. अमली पदार्थांच्या अतिसेवनाने वर्षाला लाखाहून अधिक बळी जात होते. २०२४ मध्ये ती संख्या सुमारे ८० हजारांवर आली. ही घसरण टिकवायची असेल, तर मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यातील कपातीची भोके या रकमेने बुजवण्याचा मोह राज्यांनी टाळलाच पाहिजे.

खर्च ठरवणाऱ्या प्रत्येक समितीत व्यसनातून बाहेर पडलेल्यांना आणि ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांना मतदानाच्या हक्कासह जागा हवी. जी काउंटी पै-पैचा हिशेब जाहीर करणार नाही, तिचा पुढचा हप्ता राज्याने थेट तिथल्या उपचार केंद्रांना द्यावा.