नंबर कुठे लागेल?

अभियांत्रिकी प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागला की घरोघरी एकच हिशेब सुरू होतो. ९८ पर्सेंटाइल आहेत, सीओईपीला कॉम्प मिळेल का? नाही तर व्हीजेटीआयला निदान सिव्हिल? उत्तर द्यायला क्लासवाले आहेत, समुपदेशक आहेत, मोबाइलवरचे ‘कॉलेज प्रेडिक्टर’ आहेत आणि गेल्या वर्षी ज्यांच्या मुलाचा नंबर लागला ते शेजारीही आहेत. काही जण तर पैसे घेऊन पसंतीक्रमाची तयार यादीच हातात ठेवतात.

या बहुतेक अंदाजांचा पाया एकच: गेल्या वर्षीचा कटऑफ, तोही पर्सेंटाइलमधला. घोळ इथेच होतो. पर्सेंटाइलवरून आपल्या मागे शेकडा किती मुले आहेत एवढेच कळते. जागा मिळते ती मेरिट नंबरावर. परीक्षेला तीन लाख मुले बसली तर ९९ पर्सेंटाइलच्या पुढे तीन हजार असतात, चार लाख बसली तर चार हजार. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित (पीसीएम) गटात २०२४ मध्ये तीन लाखांच्या आसपास विद्यार्थी बसले होते. २०२५ मध्ये हा आकडा चार लाखांच्या वर गेला. त्यातले सगळेच केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेला (कॅप) येत नाहीत, हे खरे. पण नामांकित सरकारी संस्थांतल्या जागा काही अशा एका वर्षात वाढत नाहीत. त्यामुळे गेल्या वर्षी ज्या पर्सेंटाइलला जागा मिळाली, त्याच पर्सेंटाइलला यंदा ती हुकू शकते. मुलाचे पर्सेंटाइल तेच असते, पुढची रांग लांबलेली असते.

कटऑफची यादी वाचणे हीही एक विद्याच. राज्यस्तरावरच्या जागा वेगळ्या, गृह विद्यापीठाच्या वेगळ्या, मुलींच्या वेगळ्या, प्रवर्गनिहाय वेगळ्या, शुल्कमाफी योजनेच्या आणखी वेगळ्या. २०२४ मध्ये सामाजिक आणि शैक्षणिक मागास प्रवर्गाचे (एसईबीसी) दहा टक्के आरक्षण आले आणि त्याआधीच्या वर्षांशी तुलना अवघड झाली. एवढे सगळे असताना ‘९२ टक्के शक्यता’ असे छातीठोक सांगणारे अॅप नेमके कशाच्या बळावर सांगते, हे त्याला कोणी विचारत नाही.

खरे नुकसान होते ते पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म भरताना. ‘तिथे तुझा नंबर लागणारच नाही’ असे सांगून मुलाला हवे असलेले कॉलेज खाली ढकलले जाते आणि ‘हमखास’ कॉलेज वर बसते. वास्तविक वरचा पर्याय मिळाला नाही म्हणून खालच्या पर्यायावरचा हक्क जात नाही. तिथेही मेरिट नंबरच पाहिला जातो. उलट पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचे कॉलेज मिळाले की जागा आपोआप फ्रीझ होते, म्हणजे तीच पक्की होते. २०२५ पासून तर दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पर्यायांनाही हाच नियम आहे. म्हणजे भीतीपोटी वर टाकलेले कॉलेजच गळ्यात पडते आणि पुढच्या फेरीचे दार बंद होते. अंदाजाचा उपयोग यादी किती खोलवर न्यायची हे ठरवण्यापुरता. वरचा क्रम इच्छेनेच लावायचा असतो.

या गोंधळाची जबाबदारी सीईटी कक्षालाही टाळता येणार नाही. कक्षाच्या कटऑफ याद्यांत पर्सेंटाइलसोबत मेरिट नंबरही छापलेला असतो, पण त्या शेकडो पानांच्या पीडीएफमध्ये. गावाकडच्या पालकाने त्यातून आपल्या मुलीचा प्रवर्ग, विद्यापीठ आणि ब्रँच शोधायची कशी? आयआयटी आणि एनआयटींचे प्रवेश पाहणारी ‘जोसा’ गेल्या अनेक वर्षांचे पहिले आणि शेवटचे रँक संकेतस्थळावर निवडून पाहू देते. राज्याला ते अशक्य नाही. माहिती सगळी सरकारच्याच हातात आहे. शोधता येईल असा मेरिट नंबरांचा तक्ता फेरीनिहाय, फुकट आणि मराठीत ऑप्शन फॉर्म उघडण्याआधी खुला करावा आणि फ्रीझचे नियम त्याच पानावर ठळक छापावेत. तोवर पालकांनी एवढे तरी करावे: अंदाज सांगणाऱ्याला आधी विचारावे, तुम्ही पर्सेंटाइल धरलात की मेरिट नंबर?